वऱ्हाडी ठेचा कमी का मोजला जातो? कोड फंक्शन तर प्रत्येक अक्षराला ६३ म्हणतं

नंदनवनची

नमस्कार मंडळी. मी नागपूरला नंदनवनमध्ये राहते. आमचा चौदा बायकांचा बचत गट आहे. ठेचा, चटण्या, सावजी मसाला, मुगवड्या, कुरडया आणि संत्री आली की ऑरेंज स्क्वॅश, असा माल आम्ही करतो. हिशेब माझ्याकडे आहे. लॅपटॉपवर एक्सेल २०१६ आहे.

फाइलमध्ये दोन शीट आहेत. 'दर' शीटवर मालाची नावं, किंमत आणि भरणावळ; 'ऑर्डर' शीटवर रोजच्या ऑर्डरी. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात आणि आम्ही तिघी मिळून त्या टाकतो. कधी तिथूनच कॉपी करतो, कधी हाताने टाइप करतो. महिनाअखेरीला समइफ (एका नावासमोरच्या आकड्यांची बेरीज करणारं फंक्शन) लावून कोणत्या मालाची किती पाकिटं गेली ते काढते आणि त्यावरून ज्या बाईने पाकिटं भरली तिला पैसे देते. ठेच्याच्या पाकिटाला ९ रुपये भरणावळ.

मागच्या महिन्यात ठेचा भरणारी आमची मैत्रीण म्हणाली, "ताई, मी साठ पाकिटं भरली. तुमच्या कागदावर अडतीसच कशी?" मी शीटवर विश्वास ठेवला आणि तिला म्हटलं, पुन्हा मोजून पाहा. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारामागचं कॅलेंडर काढून घेऊन आली. प्रत्येक तारखेखाली पेन्सिलीच्या रेघा, पाच-पाचचे गठ्ठे केलेले. बरोबर साठ. मी तिला जे बोलले ते तेव्हापासून टोचून राहिलं आहे.

मग मी ऑर्डर शीट ओळ अन् ओळ वाचली. बावीस पाकिटं तिथेच होती, नऊ ओळींमध्ये. नाव 'वऱ्हाडी ठेचा'च. डोळ्यांना काडीचा फरक दिसत नाही. पण समइफ त्या ओळी घेत नाही आणि व्हीलुकअप (नावावरून दर शोधणारं) त्यांना एन/ए, म्हणजे सापडलं नाही, असं दाखवतं. जादा रिकाम्या जागा काढणारं ट्रिम लावून झालं, न दिसणारी अक्षरं काढणारं क्लीन लावून झालं, काही बदललं नाही.

अक्षरं मोजणारं लेन लावलं तेव्हा पहिल्यांदा काहीतरी हाती लागलं. दर शीटवरच्या नावाला १२ येतात. त्या नऊपैकी आठ ओळींना १३ येतात. आणि एकीला १२च येतात, तरी ती जुळत नाही!

हे तेरावं अक्षर कोणतं ते पाहावं म्हणून मिड आणि कोड वापरून एकेक अक्षराचा नंबर काढला. तर व ला ६३, ह ला ६३, ड ला ६३, ठ ला पण ६३. मधल्या रिकाम्या जागेला तेवढे ३२. असं काहून होतं? आणि ते लपलेलं अक्षर पाहायचं कसं?

(फंक्शनची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत, शीटमध्ये ती आणि आकडे इंग्रजीतच टाकते.)

हिंगणा_स्टोअर

ताई, नमस्कार. मी हिंगण्याला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. मालाच्या नावांचा हा त्रास माझ्या रोजचा आहे.

आधी त्या ६३ चं. ६३ हा प्रश्नचिन्हाचा नंबर. कोड हे जुन्या काळचं फंक्शन, विंडोजवरच्या एक्सेलमध्ये त्याची यादी २५५ ला संपते. देवनागरी अक्षर त्या यादीत नाही, म्हणून ते त्याच्या जागी प्रश्नचिन्ह धरतं आणि तुम्हाला प्रश्नचिन्हाचा नंबर देतं. रिकामी जागा यादीत आहे, म्हणून तिचे ३२ बरोबर आले. नेटवर काही जण कोड मराठीला चालतं असं सांगतात, तेही खोटं नाही. गूगल शीट्समध्ये कोड युनिकोडचाच, म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीतला, नंबर देतं.

तुम्हाला हवं ते युनिकोड नावाचं फंक्शन. ते एक्सेल २०१३ पासून आहे, म्हणजे तुमच्याकडे असणारच. संशयित नाव ए२ मध्ये ठेवा आणि बी२ मध्ये हे टाका:

=इफएरर(युनिकोड(मिड($ए२,कॉलम(ए१),१)),"")

आता बी२ चा कोपरा धरून उजवीकडे वीसेक खाने ओढा. कॉलम(ए१) म्हणजे १, पुढच्या खान्यात ते आपोआप कॉलम(बी१) म्हणजे २ होतं, असं एकेक अक्षर पुढे सरकतं. नाव संपलं की इफएरर खाना कोरा ठेवतो. एक्सेल २०२१ किंवा ३६५ असतं तर ओढायची गरज नव्हती, =युनिकोड(मिड(ए२,सीक्वेन्स(१,लेन(ए२)),१)) एकाच खान्यात टाकलं की सगळे नंबर पसरतात. २०१६ मध्ये सीक्वेन्स नाही.

नंबर वाचताना एवढं लक्षात ठेवा की देवनागरीचा मुक्काम २३०४ ते २४३१. क २३२५, ह २३६१, काना २३६६, पाय मोडण्याची खूण म्हणजे हलंत २३८१. या पट्ट्याबाहेरचा जो नंबर दिसेल तो आधी तपासा. सगळेच नंबर २५६ च्या खाली आले तर तो मजकूर युनिकोड नाहीच, कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला आहे. त्यात 'मराठी' लिहिलेलं दिसतं, पण म च्या जागी खरं तर इंग्रजी छोटा ई असतो, नंबर १०१.

दोन ओळींचे नंबर इथे टाका, पाहू.

नंदनवनची

भाऊ, खूप आभार. लगेच करून पाहिलं. 'वऱ्हाडी' एवढ्याच शब्दाचे नंबर देते.

दर शीटवरचं: २३५७, २३५३, २३८१, २३६१, २३६६, २३३७, २३६८

ऑर्डरीतलं, १३ वाल्यांपैकी एक: २३५७, २३५२, २३८१, ८२०५, २३६१, २३६६, २३३७, २३६८

दुसऱ्या जागी एकात २३५३ आणि दुसऱ्यात २३५२. आणि हे ८२०५ कुठून आलं? माझ्या कीबोर्डवर असं काही नाही. त्या खान्यावर एफ२ दाबून बाण सरकवत गेले, तर र आणि ह च्या मध्ये बाण एकदा जागचा हलत नाही. तिथेच काहीतरी बसलं आहे, दिसत मात्र नाही.

हिंगणा_स्टोअर

सापडला. २३५२ म्हणजे साधा र. २३५३ म्हणजे खाली टिंब असलेला ऱ. ८२०५ ला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. त्याला रुंदी नाही, म्हणून तो दिसत नाही. तो शेजारच्या अक्षराला फक्त सांगतो की जोडरूप दाखव.

वऱ्हाडीतला तो आडवा अर्धा र लिहायच्या दोन रीती चालतात. एक, ऱ आणि हलंत. दुसरी जुनी रीत, साधा र, हलंत आणि हा जॉइनर. युनिकोडने जुनी रीतही चालू ठेवली आहे, त्यामुळे पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारख्या उमटतात. कोणत्या मोबाइलचा किंवा टायपिंगचा कीबोर्ड कोणती रीत वापरतो त्यावर तुमच्या शीटमध्ये काय येतं ते ठरतं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवाल्यांना शिफ्ट धरून इंग्रजी 'जे' चं बटण दाबलं की थेट ऱ मिळतो, त्यांचं पहिल्या रीतीने येतं.

क्लीनने तो का गेला नाही, तर क्लीन फक्त ० ते ३१ नंबरची अक्षरं काढतं. ट्रिमला ३२ ची रिकामी जागा सोडून काही कळत नाही.

किती ओळींत जॉइनर आहे ते मोजायला: =लेन(ए२)-लेन(सब्स्टिट्यूट(ए२,युनिचार(८२०५),"")). शून्य आलं तर नाही. सब्स्टिट्यूट म्हणजे एका अक्षराच्या जागी दुसरं बसवणारं. युनिचार म्हणजे युनिकोडचं उलटं, नंबर द्या, अक्षर घ्या. इथे 'चार' (सीएचएआर) नावाचं जुनं फंक्शन वापरू नका, ते २५५ लाच थांबतं.

इतवारी_होलसेल

ताई, आमचं इतवारीत किराण्याचं होलसेल आहे. इतकं डोकं कशाला लावता? शेवटी सब्स्टिट्यूट आलंच आहे ना, त्यानेच सगळ्या शीटमधून ८२०५ उडवून टाका, विषय संपला. आणि खरं सांगू का, नावावर हिशेब जुळवायचाच नाही. आमच्याकडे प्रत्येक मालाला नंबर आहे. ठेचा १०४, मसाला १०५. बिलावर नंबर टाकला की नाव आपोआप येतं. नाव वऱ्हाडी लिहा की कसंही लिहा, बेरीज १०४ चीच होते.

फळा_खडू

ताई, थांबा. सरसकट ८२०५ उडवू नका. मी मराठी शिकवण्यात आयुष्य घालवलं आहे, म्हणून हे तळमळीने सांगतो.

'वर्‍हाडी' मधून जॉइनर काढला की उरतं र, हलंत, ह. मग तो अर्धा र आडवा राहत नाही, रफार होऊन ह च्या डोक्यावर बसतो. शब्द होतो 'वर्हाडी'. असा शब्द मराठीत नाही. आणि काही शब्दांत तर अर्थच पालटतो. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या दऱ्या, 'दर्या' म्हणजे समुद्र. 'आचाऱ्यांना पैसे दिले' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, 'आचार्यांना पैसे दिले' म्हणजे गुरुजनांना. उच्चारही वेगळा आहे. 'आचार्य' म्हणताना चा वर आघात येतो, 'आचाऱ्या' म्हणताना येत नाही. कितीतरी वर्गांत मी मुलांना हे दोन शब्द मोठ्याने म्हणायला लावले आहेत, कारण कानाने कळलं की हात चुकत नाही.

तुमच्या शीटमध्ये तर 'पांढऱ्या तिळाची चटणी'ही असेल. तिचं 'पांढर्या' होईल. पाकिटावर तसं छापलं गेलं तर वाचणाऱ्याला खटकेल. म्हणून जॉइनर काढायचा असेल तर त्याच्या जागी ऱ बसवूनच काढा.

जाता जाता, स्क्वॅशही तपासा. 'ऑरेंज' मधला ऑ एकच अक्षर असतो, पण काही जण आ लिहून वर चंद्र काढतात. तेही डोळ्यांना जवळपास तसंच दिसतं. ॲ चं तर तिहेरी आहे: एकसंध ॲ, अ वर चंद्र, आणि हिंदीच्या वळणाचा ऍ. एकसंध ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीचे लोक अ वर चंद्र काढूनच काम भागवायचे आणि तो हात अजून गेलेला नाही. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयात ॲ आणि ऑ हे दोन्ही मराठी वर्णमालेत घेतलेले आहेत.

नंदनवनची

सर, तुमचं वाचलं आणि छातीत धस्स झालं. इतवारीवाल्या भाऊंचं वाचून मी दिवाळीच्या स्टिकरच्या शीटवर ते करून ठेवलं होतं. उघडून पाहिलं तर खरंच 'वर्हाडी ठेचा', 'पांढर्या तिळाची चटणी'. फाइल उद्या सकाळी छपाईला जाणार होती. लगेच जुनी प्रत परत आणली.

भाऊ, तुमच्यावर राग नाही, तुम्ही मदतीलाच आलात. नंबरची गोष्ट मला पटते, पण आमच्याकडे ती जमणार नाही. ऑर्डर देणारी बाई "ताई, दोन ठेचा आणि एक चटणी" असंच लिहिते, १०४ लिहीत नाही. आणि आमच्या मैत्रिणींना नाव वाचून आपला माल ओळखता येतो. महिन्याच्या कागदावर नुसता १०४ दिसला तर स्वतःचा हिशेब त्यांना स्वतः तपासता येणार नाही. या वेळी तो एका बाईने तपासला म्हणूनच तर चूक कळली.

जॉइनर काढून ऱ बसवायचा फॉर्म्युला कोणी देईल का?

हिंगणा_स्टोअर

सर म्हणतात ते बरोबर, मीही सांगायला हवं होतं. तीन अक्षरांचा जोड एकदम बदला, एकटा जॉइनर नको:

=सब्स्टिट्यूट(ए२,युनिचार(२३५२)&युनिचार(२३८१)&युनिचार(८२०५),युनिचार(२३५३)&युनिचार(२३८१))

मूळ रकान्याला हात लावू नका. शेजारी नवा रकाना करा, त्यात हे टाका आणि समइफ त्या रकान्यावर चालवा.

ऑरेंजसाठी असाच दुसरा सब्स्टिट्यूट त्याच्याभोवती गुंडाळा: युनिचार(२३१०)&युनिचार(२३७३) च्या जागी युनिचार(२३२१).

आणि जुळतं की नाही हे पाहायला नुसतं बरोबरचं चिन्ह वापरू नका, एक्झॅक्ट वापरा, ते नंबराला नंबर लावून पाहतं. नवा रकाना सी असेल तर:

=समप्रॉडक्ट(--एक्झॅक्ट(सी२,दर!$ए$२:$ए$४०))

१ आला तर नाव दर शीटवर आहे. ० आला तर अजून काहीतरी लपलं आहे, पुन्हा युनिकोडने पाहा.

नंदनवनची

काल रात्री बसून सगळं केलं. नऊपैकी सहा ओळी जुळल्या, सतरा पाकिटं परत आली. ३८ ची ५५ झाली. तीन ओळींना अजून शून्य.

त्यातली एक ती १२ वाली. तिचे नंबर काढले तर 'वऱ्हाडी' तंतोतंत बरोबर, पण त्यापुढे ३२ च्या जागी १६०. ते आम्ही आमच्याच जाहिरातीच्या वेबपेजवरून कॉपी केलेलं नाव होतं. १६० म्हणजे ओळ तुटू न देणारी रिकामी जागा, हे शोधल्यावर कळलं. ट्रिम तिला ओळखत नाही. सब्स्टिट्यूटमध्ये युनिचार(१६०) च्या जागी साधी रिकामी जागा दिली, जुळलं.

उरलेल्या दोन ओळींनी मला रात्रीचा एक वाजवला. त्यांनाही लेन १३च देतं, जॉइनरवाल्यांसारखंच, पण आत ८२०५ नाही. नंबर असे आले: २३५७, २३५२, २३६४, २३८१, २३६१, २३६६, २३३७, २३६८. हे २३६४ काय आहे?

फळा_खडू

२३६४ म्हणजे नुक्ता, अक्षराखालचं टिंब. कोणाच्या तरी कीबोर्डने ऱ हे एक अक्षर न देता साधा र आणि त्याखाली वेगळं टिंब दिलं आहे. युनिकोडच्या लेखी ऱ आणि 'र अधिक नुक्ता' हे एकच मानलं जातं, पण शीटला ते दोन वेगळे नंबर दिसतात. म्हणजे तुमच्याकडे वऱ्हाडी तीन तऱ्हांनी लिहिलेलं होतं, आणि तिन्ही कागदावर सारखंच.

हिंगणा_स्टोअर

हा मलाही नवा. ताई, दोन्हीकडे १३ आणि आत वेगळं, म्हणजे नुसत्या लेनवर थांबला असता तर हे कळलंच नसतं. युनिचार(२३५२)&युनिचार(२३६४) च्या जागी युनिचार(२३५३), हा सब्स्टिट्यूट सगळ्यात आतला ठेवा. यापुढच्या ऑर्डरींसाठी नावाच्या रकान्यावर डेटा व्हॅलिडेशन लावून दर शीटची यादी द्या. खान्यात बाण येईल, नाव निवडायचं, टाइप करायचं नाही. एक मात्र सांभाळा, दुसरीकडून कॉपी करून पेस्ट केलं तर व्हॅलिडेशन अडवत नाही.

नंदनवनची

झालं! ५५ ची ६० झाली. कॅलेंडरवरच्या रेघांइतकी, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मग 'पांढऱ्या तिळाची चटणी' तपासली, तिथे चार पाकिटं अशीच बाहेर राहिली होती. स्क्वॅशमध्ये 'आॅरेंज'च्या दोन ओळी निघाल्या. मागच्या तीन महिन्यांच्या शीटवरही हेच चालवून राहिले आहे, कारण तेव्हाही कोणाचं तरी राहिलं असेल.

नुक्ता कुठून आला तेही कळलं. आमच्यापैकी एकीच्या मोबाइलवर हिंदीचा कीबोर्ड आहे, तिथे तिला ऱ मिळाला नाही, म्हणून तिने र लिहून खाली टिंब दिलं. तिने शब्द बरोबर लिहायची धडपड केली होती. आज तिच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड घालून दिला.

सर, स्टिकर छापून आले, वऱ्हाडीचा र आडवाच आहे. भाऊ, व्हॅलिडेशनचा बाणही लावला, मैत्रिणींना आवडला.

दुपारी ठेचेवालीच्या घरी जाऊन बावीस पाकिटांचे १९८ रुपये दिले आणि माफी मागितली. तिला लॅपटॉपवर ते तिन्ही वऱ्हाडी दाखवले, खाली त्यांचे नंबर. तिने बोट ठेवून एकेक नंबर वाचला आणि ८२०५ वर थांबून म्हणाली, "हाच ना तो?" मग चहा झाला. या महिन्याच्या रेघा तिने कॅलेंडरवर सुरू केल्याच आहेत, आणि महिनाअखेरीला शीट उघडायच्या आधी आम्ही दोघी ते कॅलेंडर समोर ठेवून बसणार आहोत.